मापाचा डोळा

४ जानेवारी

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. (विशेष फारसं काही नाही, पण तसं लिहिल्याशिवाय तुला पत्र पत्रासारखं वाटत नाही.)

पितळी हातोडा माझ्यापासून चार पावलांवर होता. जायची चार आणि यायची चार, अशी आठ पावलं मी वाचवली. त्यांचा खर्च पुढीलप्रमाणे: एक चांगला सदरा (वस्तादने घाबरून तोंडावर पाणी ओतलं, ती बादली तेलाची होती), अर्ध्या दिवसाचं काम, चहाचा एक कप, बायकोचा दोन दिवसांचा अबोला आणि त्यानंतरचं तिचं चार दिवसांचं अखंड बोलणं. शिवाय डाव्या डोळ्याला किरकोळ धक्का. दर पावलाला काय पडलं ते तू काढ, तुझं गणित माझ्यापेक्षा बरं.

झालं असं की एका पंपाचा शाफ्ट दुरुस्तीला आला होता. त्याच्यावरचं बेअरिंग गंजून बसलेलं, हलेना. हाताशी लोखंडी हातोडा होता, तोच घातला. बेअरिंग टणक, हातोडा टणक, आणि मारणारा तुला माहीतच आहे. तिसऱ्या घावाला बेअरिंगचा हरभऱ्याएवढा तुकडा उडाला आणि थेट माझ्या डोळ्यावर येऊन आदळला. आत घुसला नाही, आपटून खाली पडला. वस्तादने तो शोधून डबीत ठेवला आहे. माझ्याकडे भाड्याची एक लेथ आणि वर चार पत्रे एवढंच होतं, तेव्हापासून हा माणूस माझ्याबरोबर आहे. इतक्या वर्षांत त्याने माझी जपून ठेवलेली ही पहिली वस्तू.

गंमत पुढेच आहे. मी मारत होतो त्याच्या समोरच्या भिंतीवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलंय की बेअरिंगवर लोखंडी हातोडा चालवू नये, आणि चष्म्याशिवाय कोणताच हातोडा चालवू नये. खाली ‘हुकुमावरून, मालक’. अक्षर माझंच. त्याखाली खिळा, खिळ्याला चष्मा. इतका स्वच्छ चष्मा तू बघितला नसशील, कारण अठरा वर्षांत तो कोणाच्या नाकाला लागलेला नाही.

काळजीचं कारण नाही. थोडं धुरकट दिसतं, जाईल. आणि खरं सांगू का, डोळ्यावाचून माझं अडत नाही. मशीन आजारी पडायच्या आधी मला तिच्या आवाजावरून कळतं. लहानपणी जिन्यावर बाबांच्या चपला वाजल्या की मी तुला खूण करायचो आणि तू कादंबरी उशीखाली सारायचीस, ते आठव. कान अजून तेच आहेत.

हे सगळं फोनवर दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण तुझे कान छापखान्याने खाल्ले आणि कानाचं यंत्र तुझ्या कपाटाने. म्हणून हा कागद.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुझा,
ठोक्या

---

११ जानेवारी

चि. ठोक्यास,

अनेक आशीर्वाद, आणि एक कान पिळलेला समजावा.

छत्तीस वर्षं मी छापखान्यात बसून लोकांचं लिहिलेलं तपासलं. सवय जात नाही. तुझं पत्र मी आधी तपासलं, मग वाचलं. तपासणीत निघालेल्या चुका कळवते.

पहिल्या तीन ओळी सरळ आहेत. चौथीपासून ओळी उजवीकडे डोंगर चढायला लागतात आणि पान संपेपर्यंत शिखरावर पोचतात. अक्षरांवरच्या रेघा अक्षरांवर नाहीत, वारा सुटून टोप्या उडाव्यात तशा वर तरंगताहेत. ‘किरकोळ’ हा शब्द तू ‘धक्का’ या शब्दाच्या अंगावर लिहिला आहेस, त्यामुळे दोन्ही वाचता येत नाहीत. बरंच झालं, कारण दोन्ही खोटे आहेत. पाकिटावरचं तिकीट अर्धं पाकिटावर आणि अर्धं हवेत होतं. पोस्टमनने ते आपल्या बोटाने दाबून धरून आणलं, आणि पत्र लिहिणारे आजारी आहेत का असं मला विचारलं. निदान मला तरी तसं वाटलं, त्याचे ओठ तसे हलले.

तू आयुष्यभर चहाच्या हिशेबाची चिठ्ठीसुद्धा पट्टी लावल्यासारखी लिहीत आलास. तेव्हा थापा बंद. डॉक्टरकडे गेलास का, आणि काय म्हणाले? आणि एक परीक्षा. उजवा डोळा हाताने झाकून घे आणि तुझा तो लाल हुकूम डाव्या डोळ्याने वाच. काय दिसतं तेवढंच लिही. पाठ आहे म्हणून लिहू नकोस. तिसरीत तू फळ्यावरची कविता अशीच वाचून दाखवलीस, आणि बाईंनी फळा आधीच पुसलेला होता.

राहता राहिलं माझं यंत्र. ते कानात घातलं की कुईकुई करतं आणि माझ्याच बांगड्या मला भांडी पडल्यासारख्या वाजतात. मला ऐकू येत नाही हे खरं असलं तरी मला समजत नाही असं नाही. डोळ्यांनी मी सगळं ऐकते.

उत्तराची वाट बघतेय. आशीर्वाद उत्तर आल्यावर पुन्हा पाठवीन.

अक्का

---

२ फेब्रुवारी

ती. अक्कास,

नमस्कार या वेळी खरोखरच साष्टांग, पकडलेल्या चोराचा असतो तसा.

परीक्षा दिली. पहिल्या आठवड्यात हुकूम पुसट वाचता येत होता. काल उजवा डोळा झाकला तर भिंतीवर लाल रंगाचं काहीतरी आहे एवढंच दिसलं. ओला सदरा वाळत घातलाय असं कोणी सांगितलं असतं तरी मी मान्य केलं असतं.

डॉक्टरांकडेही जाऊन आलो. बाई आहेत, वयाने आपल्या पोरीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला. बाहुलीच्या मागे एक भिंग असतं, काचेसारखं नितळ. माझ्या बाबतीत माराने ते हादरलं आणि आता आतून पांढरं होत चाललंय. याला मार लागून झालेला मोतीबिंदू म्हणतात. तो शब्द ऐकला आणि मला अपमान वाटला बघ! मी बावन्नचा, तू त्रेसष्टची. मी त्यांना सांगितलं की आमच्या घरात सगळं वयाच्या क्रमाने होतं, मोतीबिंदूवर पहिला हक्क अक्काचा. त्या म्हणाल्या की म्हातारपणाचा मोतीबिंदू वय विचारून येतो, हातोड्याचा विचारत नाही.

दिसतं कसं ते सांगतो. थंडीत काचेवर कोणीतरी हा करून वाफ सोडावी आणि पुसायला विसरावं, तसं. दिव्याला दाढी फुटते. उन्हात गेलं की सगळा रस्ता दुधात पडतो. बायकोचा चेहरा मात्र पंचवीस वर्षांपूर्वीसारखा दिसतो. हे मी तिला कौतुकाने सांगितलं. सांगायला नको होतं. तेव्हापासून ती माझ्याशी उजव्या बाजूला उभी राहूनच बोलते.

उपाय म्हणजे ऑपरेशन. पांढरं झालेलं भिंग काढायचं आणि नवं बसवायचं. मी आयुष्यभर लोकांना सुटे भाग विकले, आता मलाच एक बसवणार. पण अक्का, मी नाही म्हणून आलो. का ते तुलाच सांगतो. डावा माझा मापाचा डोळा आहे. तीस वर्षं उजवा मिटून डाव्याने मायक्रोमीटरच्या रेघा वाचत आलो, उजव्याला त्या कधी जमल्याच नाहीत. केसाच्या दहाव्या भागाचं काम करतो मी. केसाचा दहावा भाग म्हणजे किती, आणि चांगल्या माणसाचा हात किती हलतो, हे मला जितकं माहीत आहे तितकं त्या टेबलावर झोपणाऱ्या दुसऱ्या कोणालाही माहीत नसेल. ज्यांना माहीत नाही ते सुखाने झोपतात.

आणि काम काही थांबलेलं नाही. वीतभर लांबीच्या पंपाच्या शाफ्टची मोठी ऑर्डर आहे, शेवटचा हात मीच मारतो. मापाच्या रेघा दिसत नाहीत तर नाही, मी कानाने करतो. टूल लोखंडाला लागलं की आधी खरखर, मग सरसर, आणि माप गाठलं की रेशीम फाडल्यासारखा बारीक आवाज येतो. तिथे थांबायचं. जानेवारीचा सगळा माल या पद्धतीने गेला आणि एक नग परत आलेला नाही. एकसुद्धा! डोळे असलेल्या कारखान्यांनी हे करून दाखवावं. पोरगी चार वर्षं इंजिनियरिंग शिकली, तिला मी म्हटलं की हे पुस्तकात नसतं. तिने मान डोलावली. हल्ली ती फार वाद घालत नाही, शहाणी होत चालली आहे.

बाकी कारखान्यात बारीकसारीक कटकटी आहेत. सळया पुरवणारा लबाड निघाला. बांधलेला हिशेब असतो, इतक्या सळयांत इतके शाफ्ट, आणि या महिन्यात सळया आधीच संपल्या. मोजून कमी टाकत असणार. त्याला चांगलं खरमरीत पत्र लिहिलं. दुपारी जेवायला बसायची माझी सतरंजी कोणीतरी पळवली, गेले तीन आठवडे खोक्यावर बसून जेवतो. आणि पोरगी नि वस्ताद मी घरी निघाल्यावर रोज तासभर मागे राहतात. विचारलं तर साफसफाई म्हणे. वस्तादला साफसफाईची हौस! तीस वर्षांत त्याने स्वतःचा डबासुद्धा विसळलेला नाही.

असो. ऑपरेशनचा विषय संपला असं समजावं. लोभाचा संपवू नये.

तुझा,
ठोक्या

---

९ फेब्रुवारी

ती. वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. ते पुढच्या खोलीत रेडिओशी बोलताहेत. त्यांना पेनाचा आवाज ऐकू येतो, म्हणून पेन्सिलीने लिहिते. राग मानू नये.

ह्यांनी तुम्हाला काय काय कळवलं असेल त्याचा मला अंदाज आहे. त्यांनी कळवलं नसेल ते मी कळवते. परवा त्यांनी चहा कपाच्या बाजूला ओतला, आणि कप गळतो म्हणून कपालाच बोलले. रविवारी शेजारच्या लग्नात शिरले, दारात टांगलेल्या कोटाला नमस्कार केला आणि तब्येत बरी दिसते म्हणाले. जिना उतरताना शेवटची पायरी राहून जाते. पायरीचा आवाज येत नाही ना.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. आत्ता ऑपरेशन केलं तर नजर चांगली येईल, मागचा पडदा शाबूत आहे. पण भिंग फुगत चाललंय. ते आणखी फुगलं तर डोळ्यातला दाब वाढेल, आणि दाबाने आतली शीर एकदा दुखावली की मग कोणी काही करू शकणार नाही. मार्च उलटू देऊ नका म्हणाल्या. हे ह्यांनाही सांगून झालं. ह्यांनी त्यांनाच विचारलं की तुमचा हात किती हलतो. त्या बिचाऱ्या हसल्या. मला रडू येत होतं.

माझं ऐकत नाहीत, लेकीचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात असं नाही, पण तुम्हाला घाबरतात.

आपली पोर काहीतरी करते आहे, ते मला सांगत नाही. घरातून कापडाच्या चिंध्या नेते आणि संध्याकाळी दमून येते. विचारलं तर म्हणते की आई, बाबांना कान आहेत, तुला पोटात ठेवता येत नाही. तुम्हालाही ती पत्र लिहिणार आहे म्हणाली. तुम्हाला सांगितलंच तर मला कळवू नका, मी खरंच बोलून बसेन.

आपली माया अशीच राहावी.

आपली,
भावजय

---

१५ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,

आशीर्वाद मागच्या वेळचे बाकी होते, ते धरून दुप्पट.

तुझ्या हाताच्या हलण्याचं वाचलं. त्यावर मी हसणार होते, पण हसले नाही. भीतीला कारण असलं की ती जास्त चिवट असते. तुझ्या भीतीला कारण आहे. म्हणून भित्रा म्हणणार नाही. हट्टी म्हणेन.

आता माझं ऐक. गेल्या मंगळवारी मी न्हाणीघरात नळ सोडला आणि पुस्तक घेऊन बसले. पाणी वाहत जिन्यापर्यंत गेलं. खालची शेजारीण पाऊण तास दार वाजवत होती. घंटा, मूठ, लाटणं, सगळं झालं. मी आत बसून तिच्याच नवऱ्याने आणून दिलेली कादंबरी वाचत होते. शेवटी तिने दाराखालून चिठ्ठी सरकवली, ती भिजून माझ्या पायाला लागली तेव्हा मी उठले. चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते या पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण अक्षर सुंदर होतं. तेव्हा डोळ्यांनी सगळं ऐकते ही माझी बढाई मी परत घेते. मोठी आहे म्हणून पहिली मी घेते.

आता सौदा. तू ज्या दिवशी त्या टेबलावर झोपशील, त्या दिवशी मी यंत्र कानात घालीन आणि रात्री झोपेपर्यंत काढणार नाही. कितीही कुईकुई करू दे. तू झोपला नाहीस तर मी घालणार नाही, आणि पुढच्या वेळी पाणी नसून जाळ असेल तर शेजारणीला तू समजावायचं. आपल्या दोघांत मिळून एक धड माणूस आहे ठोक्या, माझे डोळे आणि तुझे कान. पण तो राहतो दोन गावांत.

एक विचार. तुझे कान फार तिखट आहेत, मान्य. पण जो आवाजच करत नाही त्याचं तुझ्याकडे काय औषध आहे?

उत्तर ‘हो’ असेल तर दोन ओळींत चालेल. ‘नाही’ असेल तर लिहूच नकोस, तिकीट वाया जाईल आणि ते तुला नीट चिकटवताही येत नाही.

माया आहे म्हणूनच एवढा कागद खर्च केला.

अक्का

---

३ मार्च

ती. अक्कास,

नमस्कार आणि उत्तर एकदमच: हो.

दोन ओळींत संपवणार होतो, पण का ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी मनातल्या मनात तुला उत्तर दिलं होतं. आवाज न करणारी गोष्ट जगात नसते, कान हवेत, असं. मोठं छान वाक्य जमलं होतं, लिहायचंच राहिलं. गेल्या गुरुवारी दुपारी मशीनं बंद होती. मी माझ्या टेबलाशी बसून उजव्या डोळ्यात औषधाचे थेंब घालून घेतले होते. हल्ली तोही दमतो, एकट्याने दोघांचं काम करतो म्हणून. थेंबांनी तो झोंबला, मिटून बसलो. तेवढ्यात डावीकडून कोणीतरी आलं आणि समोर उभं राहिलं. पावलांवरून पोरगी आहे हे कळलं. मी म्हटलं काय गं, तर उत्तर नाही. पुन्हा विचारलं, उत्तर नाही. श्वास ऐकू येत होता, बस्स. डावा डोळा उघडून बघितलं. समोर पांढऱ्या धुक्यात एक चेहऱ्यासारखा गोळा होता. अक्का, ती हसते आहे की रडते आहे हे मला कळेना. स्वतःची पोर, हाताच्या अंतरावर, आणि मला कळेना. मी मान पुढे केली, डोकं वाकडं केलं, कान टवकारले. गप्प माणसाचा आवाज येत नाही हे मला बावन्नाव्या वर्षी समजलं.

उजवा डोळा पुसून उघडेपर्यंत ती निघून गेली होती. नंतर विचारलं तर म्हणाली की काही नाही बाबा, तुमचं जेवण झालं का बघायला आले होते. खरं असेल. पण मला तिचा चेहरा बघायचा होता आणि तो माझ्याकडून निसटला. माप चुकलं तर दुसरा शाफ्ट करता येतो.

दुसऱ्या दिवशी आपणहून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भिंग फुगलंय, आलात ते बरं झालं म्हणाल्या. मी पुन्हा हाताचं विचारलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. टेबलावरचा कोरा कागद घेतला, पेन्सिलीने हाताने एक गोल काढला आणि माझ्यापुढे सरकवला. मी उजव्या डोळ्याने, भिंगाखाली धरून, आडवा मोजला, उभा मोजला. अक्का, मी आयुष्यात लेथवर इतका गोल गोल फार कमी वेळा काढला असेल. तो कागद मी मागून घेतला. पाकिटात ठेवलाय.

तारीख बारा. यंत्राचे सेल बघून ठेव, सौदा म्हणजे सौदा.

भीती अजून आहे. तुझी माया तिच्याहून थोडी जास्त भरावी.

तुझा,
ठोक्या

---

१३ मार्च

प्रिय आत्यास,

नमस्कार. काल ऑपरेशन झालं आणि नीट झालं. बाबा टेबलावरसुद्धा गप्प बसले नाहीत. मशीनचा आवाज ऐकून पंखा किंचित घासतोय असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी आज माणूस बोलावून बघितलं तर खरंच घासत होता. आता बाबा तिथेही डोक्यावर बसणार.

आज पट्टी काढली. बाबा आधी माझ्याकडे बघत बसले. मग म्हणाले की तुझ्या भुवईवर तीळ आहे. तो जन्मापासून आहे आत्या. मग आईकडे बघितलं आणि काहीतरी बोलणार होते, पण आईने बोट दाखवून गप्प केलं.

तुला पत्रात सांगितलेली आपली ती गोष्ट अजून त्यांना माहीत नाही. वस्तादकाका म्हणतात की ते कारखान्यात यायच्या आधी सगळं उचलून भंगारात टाकू. मला वाटतं ठेवावं. तुझं मत कळव. चार दिवसांत कळव, ते पाचव्या दिवशी येणार आहेत.

तू यंत्र घातलंस का? बाबांनी पट्टी निघाल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला.

तुझा लोभ मला हवाच आहे, मागायची गरज नाही.

तुझी,
भाचरू

---

२ एप्रिल

ती. अक्कास,

नमस्कार. ओळी तपासून घे. एकही डोंगर चढलेली नाही, टोप्या सगळ्या डोक्यांवर आहेत, आणि तिकीट पाकिटाच्या कोपऱ्यात पट्टी लावून चिकटवलंय. पोस्टमनला माझा नमस्कार सांग.

दिसतं ते काय सांगू. पहिले दोन दिवस मी नुसता रंग बघत फिरलो. डाव्याने निळं बघायचं, मग उजव्याने बघायचं. उजव्याचं निळं जुन्या कागदासारखं पिवळट झालंय, मला पत्ताच नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणतात उजव्यालाही कधीतरी मोतीबिंदू येईल, वयाचा. मी म्हटलं की तो रीतसर येऊ द्या, अक्काच्या नंतर. जवळचं वाचायला चष्मा लागतो, म्हणून खिळ्यावरच्या चष्म्यातच नंबराच्या काचा बसवून घेतल्या. रोज खिळ्यावरून काढतो आणि घालतो, तो हातोड्याचाही आणि वाचायचाही.

तू यंत्र लावलंस आणि पहिल्या दिवशी शेजारणीला ‘तुझा आवाज इतका गोड आहे हे मला माहीत नव्हतं’ असं म्हणालीस, हे वाचून आम्ही सगळे हसलो. ती चिठ्ठीतलं आठवून लाजली असेल. बांगड्या भांड्यांसारख्या वाजतात त्याची सवय होईल. मलाही माझ्याच खोलीतल्या कोळिष्टकांची करून घ्यावी लागते आहे. काही न दिसण्याचे फायदेही होते.

कारखान्यात गेलो. सगळे दारात उभे होते. समोरची भिंत बघितली, माझा लाल हुकूम खणखणीत दिसला. ‘मालक’ या शब्दाखाली आणखी एक ओळ होती, पोरीच्या अक्षरात: हा नियम मालकांनाही लागू आहे. तारीख एकोणतीस डिसेंबरची. म्हणजे मला मार लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहून टाकलेली, आणि मी अडीच महिने रोज तिच्यासमोर उभा राहून हुकूम देत होतो, पण पाठ असलेली भिंत धड डोळ्याने तरी कोण पुन्हा वाचतो! कोणी हूं का चूं केलं नाही.

मग पोरगी म्हणाली की बाबा, जरा डावीकडे बघा. वस्ताद तिच्या मागे लपला, आणि तो माझ्याहून दीडपट आहे. मी डावीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. पोरीचा चेहराही बघितला, या वेळी नीट दिसला. त्या फेब्रुवारीतल्या गुरुवारी ती माझ्यासमोर येऊन का उभी राहिली होती आणि काय सांगायचं होतं ते मी आता तिला विचारणार नाही. मला कळलं.

सळयावाल्याला मी माफीचं पत्र लिहिलं. त्याने सळया मोजून बरोबर टाकल्या होत्या. शेवटचा हात मारायचं काम आता पोरीकडे. मी मोजून बघेन, डाव्या डोळ्याने, पण चष्मा लावून. सतरंजीही सापडली. धुऊन आणली, आता तिच्यावर बसून जेवतो.

तुझ्या कानांना आणि माझ्या डोळ्याला दीर्घायुष्य लाभो. लोभाचं दीर्घायुष्य गृहीत धरलंय.

तुझा,
ठोक्या

ता. क. डावीकडे काय होतं ते तू विचारणारच. तुला माहीत आहे असा मला दाट संशय आहे, कारण पोरीने ‘ठेवावं’ हा सल्ला कोणाचा ते सांगितलं नाही. तरी लिहितो. दाराच्या डाव्या अंगाला, डोक्याच्या उंचीवर, जिथे माझा फक्त डावा डोळा पोचतो, एक फळी आहे. तिच्यावर माझ्या हातचे मापात चुकलेले शाफ्ट ओळीने मांडले होते. त्यांच्या बदली नवे शाफ्ट पोरगी आणि वस्ताद रोज संध्याकाळी करून पाठवत होते. मी मोजले, सतरा भरले. त्यांच्याखाली फळीवर माझी सतरंजी अंथरली होती, ठेवताना आवाज होऊ नये म्हणून.